बरं म्हणजे ब्वेनो

मागच्या हंगामात अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद घेऊन गेले होते. आमच्या गावाहून, कुरुंद्याहून, अंधारातच निघालो. नंबर लागला तेव्हा ऊन चढलं होतं. ढीग ओतला, खरेदीदारांचा घोळका आला. एकाने हळकुंड उचललं, कट्कन मोडलं आणि आतला रंग उन्हात धरून पाहिला. दुसऱ्याने मूठभर हळकुंडं खुळखुळवून कानाशी नेली. नीट वाळलेली हळद वाजते, ओली मुकी राहते. बोली चढत चढत एका आकड्यावर थांबली. आडत्याने विचारलं, "काय अण्णा, करायचा का सौदा?"

अण्णा म्हणाले, "बरंऽऽ."

आडत्याचा पेन जागचा हलला नाही. त्याने बोली पुन्हा हाकारली. आकडा थोडा सरकला. अण्णांनी ढिगाकडे एकदा पाहिलं, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "बरं." आखूड. पेन चालू लागला.

शब्द एकच. पहिला ऐकून घेतल्याचा, दुसरा दिल्याचा. यार्डातल्या हमालालासुद्धा हा फरक शिकवावा लागत नाही. आणि हाच शब्द, एवढ्याच ताणण्या-तोडण्यासकट, इथून हजारो कोस लांबच्या एका भाषेत जसाच्या तसा नांदतो आहे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘ब्वेनो’ म्हणतात.

‘ब्वेनो’चा कोशातला अर्थ ‘चांगला’. पण बोलण्यात तो आपल्या ‘बरं’सारखाच वावरतो. "ब्वेनो, निघू या" म्हणजे "बरं, निघू या." लांबवलेला "ब्वेनोऽऽ" म्हणजे अजून मनात किंतु आहे. "ब्वेनो, ब्वेनो" म्हणजे "बरं बरं, पुरे आता." मेक्सिकोत तर फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या जागी "ब्वेनो?" म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा शिकले तेव्हा समोरच्या पुस्तकात त्याचा अर्थ इंग्रजीत लिहिला होता. तो वाचून मला काहीच कळलं नव्हतं. अण्णांचा आवाज आठवला आणि कळलं.

मी चोविसाव्या वर्षी पुण्यात स्पॅनिश शिकले. त्यानंतर यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत सात वर्षं नोकरी केली. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, स्पेन इथल्या गिऱ्हाइकांशी बोलणं हे माझं काम. २०२०च्या टाळेबंदीत गावी आले ती परत गेले नाही. आता हिंगोलीत राहते आणि रोज संध्याकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नऊ मुलामुलींना स्पॅनिश शिकवते. लोक विचारतात, "हिंगोलीत स्पॅनिश कशाला?" सुमारे ५० कोटी लोकांची ही मायबोली आहे, वीस देशांचा कारभार तिच्यात चालतो, ही उत्तरं खरी आहेत. पण माझं खरं म्हणणं दुसरंच आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मराठी मुलाला स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजीच्या दारातून जावं लागतं, हा समज चुकीचा आहे. मराठीतून स्पॅनिशला थेट रस्ता आहे. तो इंग्रजीच्या रस्त्यापेक्षा जवळचाही आहे. त्या रस्त्यावरचं पहिलं गाव म्हणजे होकार.

हे मला नोकरीत ठेच लागून कळलं.

माझ्या पहिल्या पुस्तकात होकाराच्या शब्दांची एक यादी होती. ‘बाले’, ‘दे आक्वेर्दो’, ‘एस्ता ब्येन’, ‘ब्वेनो’, ‘क्लारो’. आणि त्या सगळ्यांसमोर अर्थ एकच, ‘ओके’. मी ती यादी इमानाने पाठ केली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मेक्सिकोतल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. माल दोन आठवडे आधी हवा, असं तो सांगत होता. मी ऐकत होते, टिपून घेत होते. शेवटी त्याने विचारलं, "दे आक्वेर्दो?" मला वाटलं, ‘लक्षात आलं ना?’ असं विचारतोय. मी म्हटलं, "दे आक्वेर्दो."

त्याच्या बाजूने ठरलं. ‘आक्वेर्दो’ म्हणजे करार. दोन देशांत तह होतो तोही आक्वेर्दो, भाऊ-भाऊ वाटणी ठरवतात तोही आक्वेर्दो. मी दिलेला शब्द पाळायला कंपनीला माल विमानाने पाठवावा लागला. मला म्हणायचं होतं, "समजलं, विचारून सांगते." त्यासाठी ‘एन्त्येंदो’ होतं, साधं ‘आहा’ही चाललं असतं. मराठीत मी कधीही ‘समजलं’ आणि ‘कबूल’ यांची गल्लत केली नसती. आमच्या घरात तर कुणीच केली नसती. ती झाली, कारण दोन्ही शब्द एकाच ‘ओके’च्या पोत्यात भरून माझ्यापर्यंत आले होते.

त्या रात्री मी वहीत उभी रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश. इंग्रजीला जागाच ठेवली नाही. आजही माझ्या वर्गातल्या वह्या तशाच असतात.

आपल्याकडे होकाराची केवढी रास आहे हे ती वही भरताना दिसलं. हो, होय, हं, बरं, ठीक, चालेल, जमेल, पटलं, खरंय, बरोबर, नक्की, ठरलं. कुरुंद्याला ‘व्हय’, हिंगोलीच्या बाजारात ‘हौ’. यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘चालेल’ म्हणजे माझी हरकत नाही, फार आनंद आहे असंही नाही. ‘जमेल’ म्हणजे माझ्या आवाक्यात आहे. ‘पटलं’ म्हणजे मन वळलं. ‘खरंय’मध्ये पुष्कळदा एक सुस्कारा असतो. एकेकाला स्पॅनिशमध्ये जोडीदार शोधत गेले आणि बहुतेकांना सापडला.

‘चालेल’चा जोडीदार ‘बाले’. स्पेनमध्ये माणूस दिवसातून कितीदा ‘बाले’ म्हणतो याला मोजदाद नाही. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर आपण ‘व’ समजू ते असतं, पण स्पॅनिश तोंडात व आणि ब यांचा उच्चार एकच. मूळ क्रियापद ‘बालेर’, म्हणजे मोल असणं. नाणं बाजारात खपतं, चालतं, तसं तुझं म्हणणं चालतं. मराठीत ‘चालणं’ हेच क्रियापद नोटेलाही लावतो आणि बेतालाही: ही नोट चालेल का? उद्या सकाळी चालेल का? या दोन प्रश्नांमधला धागा मला ‘बाले’ने दाखवला.

‘क्लारो’ म्हणजे स्वच्छ, उजळ. होकारात वापरला की ‘उघडच आहे’, ‘अर्थात’. जोर द्यायचा तर "क्लारो के सी", म्हणजे "अर्थातच हो". ‘पोर सुप्वेस्तो’ याच्या पुढचा. ‘सुप्वेस्तो’ म्हणजे गृहीत धरलेलं. लग्नाला याल ना, असं विचारल्यावर आपण म्हणतो, "हे काय विचारणं झालं!" तिथे स्पॅनिश माणूस "पोर सुप्वेस्तो" म्हणतो. आणि लॅटिन अमेरिकेत आणखी एक गोड उत्तर आहे, "कोमो नो!" शब्दशः "कसं नाही!" पाणी मिळेल का? कोमो नो. आमची आजी दारात आलेल्याला हेच म्हणायची, "का न्हाई! बस की बाबा."

‘बरोबर’ची जोडी मला सगळ्यात जास्त आवडते. मराठीत आपण ‘तू बरोबर आहेस’ म्हणत नाही, म्हणजे अलीकडे म्हणायला लागलो आहोत, पण तो इंग्रजीचा वारा आहे. आपलं मूळ वाक्य ‘तुझं बरोबर आहे.’ माणूस बरोबर नसतो, त्याचं म्हणणं बरोबर असतं. स्पॅनिशमध्येही तेच. "त्येनेस रासोन", शब्दशः "तुझ्याकडे योग्य कारण आहे." आदरार्थी बोलताना "त्येने रासोन", तुमचं बरोबर आहे. म्हणूनच ते उद्या माझ्याकडे असू शकतं, परवा तुझ्याकडे. वाद हरल्यावर समोरच्याला मान्यता देण्यालाही स्पॅनिशमध्ये ‘रासोन देणं’ म्हणतात.

तू आणि तुम्ही हा भेदही तिथे आहे. इंग्रजीतून येणाऱ्या मुलाला तो समजावून सांगावा लागतो, आपल्या मुलांना आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. त्यात गंमत अशी की स्पॅनिश ‘तू’ हा ‘तू’च आहे. अर्थ तोच, उच्चार तोच. पहिल्या दिवशी मी फळ्यावर तो लिहिते आणि मुलांना म्हणते, हा शब्द तुम्हाला येतो. ‘तू’ आणि ‘तू’, ‘दोस’ आणि ‘दोन’, ‘स्येते’ आणि ‘सात’. संस्कृत आणि लॅटिन या एकाच घराण्यातल्या भाषा, त्यांच्या या पणती-खापरपणती. आदरासाठी ‘उस्तेद’. तो जुन्या काळच्या ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजलेला तुकडा आहे.

आणि वाक्याच्या शेवटी लागणारा ‘ना’? "उद्या येतोस ना?" यातला. स्पॅनिशमध्ये तिथे ‘नो’ येतो. नकाराचा शब्द, पण मागतो होकार. दोन्हीकडे.

आता थोडं व्याकरण. कंटाळवाणं वाटू देणार नाही, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा इथेच आहे. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवड कुणाची? माझी. पण क्रियापद माझ्यामागे जात नाही, आंब्यामागे जातं. आंबा आवडतो, आंबे आवडतात, चिंच आवडते. इंग्रजीत मी कर्ता होऊन आंब्याला आवडवून घेते. स्पॅनिशमध्ये मराठीसारखंच आहे. "मे गुस्ता" म्हणजे मला आवडतो, आवडते. आंबे अनेक झाले की "मे गुस्तान", मला आवडतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं इथे हमखास अडतात. माझ्या वर्गात कळमनुरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला एक मुलगा आहे. त्याने हे ऐकलं आणि विचारलं, "ताई, यात नवीन काय आहे?"

त्याच दिवशी त्याला त्याच्या पुढची पायरीही एका वाक्यात समजली. कुणी म्हटलं, "मी हिंगोलीचा," तर दुसरा म्हणतो, "मीपण." कुणी म्हटलं, "मला भूक लागली," तर दुसरा "मीपण" म्हणत नाही, "मलापण" म्हणतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला "यो ताम्ब्येन" आणि "मला आवडतं" या धाटणीच्या वाक्याला "आ मी ताम्ब्येन". मी आणि मला हा भेद दुजोऱ्यातही पाळावा लागतो. नकारात दुजोरा द्यायचा, म्हणजे "मलाही नाही", तर "आ मी ताम्पोको". एका नामांकित पुस्तकात यावर दोन पानं खर्ची घातलेली मी पाहिली आहेत. मराठी मुलाला दोन ओळी पुरतात. मत विचारल्यावर "मे पारेसे ब्येन" म्हणायचं: मला बरं वाटतं, मला योग्य वाटतं. ‘मला वाटतं’ची घडणही तीच.

एक जागा मात्र मराठी मुलांनाही जपून ओलांडावी लागते. ‘असणं’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, इथे ‘सेर’. मी दमले आहे, इथे ‘एस्तार’. सहमती ‘एस्तार’ने सांगतात, "एस्तोय दे आक्वेर्दो". ‘एस्तार’चं मूळ लॅटिनमधल्या ‘उभं राहणं’ या क्रियापदात आहे आणि ते आपल्या ‘स्था’ धातूचं सख्खं भावंड. मी मुलांना सांगते, माणूस सहमत असतो म्हणजे या घडीला तो तिथे उभा असतो. उद्या सरकू शकतो. आणि ‘आक्वेर्दो’च्या पोटात लॅटिनमधला हृदयाचा शब्द दडलेला आहे. आपण म्हणतो मतं जुळली. त्यांच्या शब्दाला काळजं जुळलेली आठवतात.

मराठवाड्याचा म्हणून एक वेगळा फायदा आहे. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या बोलीत अरबी-फारसीचं पाणी मुरलेलं आहे, आणि होकाराच्या जागी तर फारच. कबूल, मंजूर, जरूर, बेशक, अलबत. तिकडे स्पेनमध्ये ७११ साली अरब सत्ता आली आणि १४९२मध्ये ग्रानादा पडेपर्यंत कुठे ना कुठे टिकून राहिली. स्पॅनिशमध्ये अरबी शब्द हजारोंनी आहेत. त्यातला एक ऐकून माझ्या वर्गातला प्रत्येक जण चमकतो. ‘फुलानो’. अर्थ? फलाना. आपण ‘फलाना माणूस म्हणाला’ म्हणतो तसा तिकडे ‘फुलानो’ म्हणतो. एकाच अरबी शब्दाची दोन पोरं, एक औंढ्याच्या बाजारात आणि एक सेव्हिलमध्ये. ‘तसं होवो’ या अर्थाचा ‘ओहाला’ हाही अरबीतून आलेला, अल्लाच्या इच्छेचं नाव पोटात घेऊन. आणि हळद? हळदीला स्पॅनिशमध्ये ‘कुर्कुमा’ म्हणतात, मूळ अरबी ‘कुर्कुम’. वसमत तालुक्यातला कोणताही शेतकरी हळदीतलं ‘कर्क्युमिन’ किती टक्के निघालं ते विचारतो, तेव्हा तो याच शब्दाचं शेपूट धरून बोलत असतो.

आता प्रांताप्रांतातली बोली. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिकडे समुद्र ओलांडला की ‘बाले’ मागे पडतो. मेक्सिकोत ‘आंदाले’ आणि ‘ओराले’. ‘आंदाले’ चालण्याच्या क्रियापदातून आलेला, म्हणजे आपला ‘चल!’ "चल, ठरलं" यातला. स्पेनमध्ये याच कामाला ‘बेंगा’ येतो, मुळात ‘येऊ दे’. फोन ठेवताना "बेंगा" म्हणतात, आपण निरोप घेताना "बरं, येतो" म्हणतो, त्या ‘येतो’ची मला आठवण होते. अर्जेंटिनात ‘दाले’, शब्दशः ‘दे’. २०२२च्या विश्वचषकात मेस्सीच्या संघाचे सामने रात्र जागून पाहिलेल्या मुलांना हा शब्द आधीच पाठ होता, अर्थ तेवढा माहीत नव्हता. कोलंबियात ‘लिस्तो’, म्हणजे ‘तयार’, ‘झालं समजा’. कोस्टा रिकात ‘पुरा बिदा’, शब्दशः ‘निखळ जगणं’. तो नमस्कारही आहे, आभारही आणि ‘सगळं मस्त’ही.

मेक्सिकोत होकाराला ‘साले’ असाही एक शब्द आहे. वर्गात तो मी उच्चारला की हशा पिकतो, आणि पिकणारच. मी मुलांना हसून घेऊ देते. मग सांगते, कुणी मेक्सिकन माणूस तुम्हाला फोनवर "साले" म्हणाला तर तुमचं काम झालं आहे.

चिलीचा ‘पो’ मात्र मी मुद्दाम शिकवते. "सी" म्हणजे हो, आणि चिलीचा माणूस म्हणतो, "सी, पो." हा ‘पो’ म्हणजे आपला ‘की’. होय की, ये की, बस की. अर्थ विचाराल तर सांगता येत नाही, पण काढला तर वाक्य कोरडं पडतं. चिली मुद्दाम, कारण माझ्याकडे एक मुलगी येते, तिला आकाशाचा अभ्यास करायचा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगोची वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी. त्या जमिनीपासून तिचं घर फार लांब नाही. आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी कितीतरी चिलीच्या आताकामा वाळवंटात आहेत. ३९ मीटर आरशाची एक तिथेच उभी राहते आहे. ती मुलगी वहीच्या पहिल्या पानावर ‘सी, पो’ लिहून बसली आहे.

लिहिताना या ‘सी’च्या डोक्यावर एक बारकी तिरकी रेघ द्यावी लागते. रेघ दिली तर ‘हो’. विसरली तर ‘जर’. ‘हो, येतो’ आणि ‘जर येतो’ यांत किती अंतर आहे! मुलांना मी म्हणते, ही रेघ म्हणजे सही समजा. आणि उद्गार असला की स्पॅनिशमध्ये चिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही द्यायचं, उलटं करून. हा नियम स्पेनच्या शाही अकादमीने घातलेला. वाचणाऱ्याला आधीच कळतं की पुढे आनंद आहे.

आनंदाचे, शाबासकीचे शब्द मी शेवटी ठेवते. ‘मुई ब्येन’ म्हणजे फार छान. ‘एसो एस!’ म्हणजे ‘तेच!’, मुलाला योग्य उत्तर सापडलं की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा शब्द. व्हेनेझुएला-कोलंबियात ‘चेबेरे’, स्पेनमध्ये ‘ग्वाय’, आपला ‘भारी’. अभिनंदनाला स्पेनमध्ये ‘एनोराब्वेना’. फोड केली तर ‘चांगल्या घटकेला’. घटिका-मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या माणसांना हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

हा थेट रस्ता काही मी शोधलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस मेक्सिकोत जाऊन राहिला. पांडुरंग खानखोजे, जन्म वर्ध्याचा. गदर चळवळीच्या पहिल्या फळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रज सरकारने मायदेशाची दारं बंद केली तेव्हा १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या जातींवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या चित्रात खानखोजे आहेत, सगळ्यांच्या मध्ये, भाकरी वाटून देताना. स्पॅनिशमध्ये तिला ‘पान’ म्हणतात. आपला ‘पाव’ तिच्या पोर्तुगीज बहिणीकडून आला, तसाच ‘पगार’, जो स्पॅनिशमध्ये आजही ‘पैसे देणं’ या अर्थाचं क्रियापद आहे. स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले, १९६७ साली नागपुरात वारले. २०२२मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

मी त्यांच्याबद्दल वाचते तेव्हा नेहमी एकच प्रसंग मनात उभा करते. शेतकऱ्याला नवं बियाणं पटवणं किती अवघड असतं ते मला घरात दिसतं. हळदीची सेलम जात सोडून दुसरी लाव म्हटलं तर अण्णा तीन वर्षं "बरंऽऽ" म्हणत होते. खानखोज्यांसमोर बांधावर बसलेला मेक्सिकन शेतकरीही "ब्वेनोऽऽ" म्हणाला असेल. आणि वर्ध्याहून गेलेल्या त्या माणसाला ते लांबवलेलं अक्षर ऐकून लगेच समजलं असेल की अजून एक खेप घालावी लागणार.

होकार देत ऐकणं आपल्या मातीतलंच आहे. नरसी आमच्या जिल्ह्यात आहे, संत नामदेवांचं गाव. इथे कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की कीर्तनकार एकटा कधीच बोलत नाही. मागे टाळकरी उभे असतात, ओळ उचलून धरतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे ‘जी जी’ असतं. आजी रात्री गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असायची, "हूं म्हण. हूं थांबला की गोष्ट थांबली." झोप आली की हूं विरळ व्हायचा, तिला कळायचं. म्हणून माझ्या वर्गात पहिले दोन आठवडे वस्तूंची नावं नाहीत, रंग नाहीत, फळं नाहीत. फक्त होकार. एकाने काहीही मराठीत सांगायचं, दुसऱ्याने स्पॅनिशमध्ये हुंकार द्यायचा. आहा. क्लारो. सी, पो. आसी एस, म्हणजे ‘तसंच आहे’. चुकीच्या जागी ‘दे आक्वेर्दो’ दिला की सगळा वर्ग ओरडतो, "ताई, हा विकून बसला!"

सेनगाव तालुक्यातली एक मुलगी अकरावीत आहे, हिंगोलीत आजीजवळ राहून शिकते. गेल्या महिन्यात तिला दोन दिवस ताप होता म्हणून मी घरी बघायला गेले. लाइट गेली होती. आजी दारात बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "ताई, गोष्ट तयार केलीय, ऐका." मी म्हटलं, मला नको, आजीला सांग. तिला वाटलं मी चेष्टा करते. मी मान हलवली. मग ती आजीकडे वळली.

"एरासे उना बेस..." तिने सुरुवात केली. कोणे एके काळी.

आजीचा हात शेंगेवर थांबला. तिने नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा शेंग उचलली. "हूं," ती म्हणाली.

एक कावळा होता. "हूं." त्याला तहान लागली. "हूं, मंग?" मुलीचा आवाज सैल झाला, हात हलायला लागले. मडकं दिसलं, पाणी तळाला होतं. आजी बरोबर जागेवर हूं देत होती, एकही चुकला नाही. खड्याचा शब्द आला तिथे मुलगी अडली. तिने वर पत्र्याकडे पाहिलं, ओठ चावला.

"ब्वेनोऽऽ..." ती म्हणाली.

"बरं," आजी म्हणाली. "फुडं?"